कोकणच्या दमट हवेत टिकणारी, मधून सुटणारी लाकडी कमान

पावणेदोन मीटरची कमान घेऊन एसटीत चढणं अवघड. मुठीत तिचे दोन तुकडे करता आले, तर तीच कमान ९५ सेंटिमीटरच्या कापडी पिशवीत मावते. टेकडाउन बो म्हणतात ती ही. तुकडे जोडायला मुठीवर बाही, म्हणजे दोन्ही तुकड्यांना धरणारी नळी, बसवावी लागते, आणि कोकणात खरी अडचण तिथेच येते. डिसेंबरात सहज निघणारा सांधा जुलैत फुगून अडकतो. साध्या लोखंडाची नळी खाऱ्या हवेत गंजते. ओलसर लाकडाची कमान चार दिवसांत दोरीच्या बाजूला कायमची वाकून बसते. म्हणून खालची मापं आणि कामाचा क्रम या हवेचा विचार करूनच दिला आहे.

ही कमान १६८ सेंटिमीटरची (दोरी अडकते त्या खाचेपासून खाचेपर्यंत), २८ इंच खेचीला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, सुमारे १६ किलो, म्हणजे ३५ पौंड ओढीची होईल. पहिल्या कमानीला यापेक्षा जास्त ओढ धरू नका. पुढे 'पाठ' म्हणजे नेमबाजापासून लांबची बाजू, 'पोट' म्हणजे त्याच्याकडची, आणि 'बाहू' म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग. पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. म्हणून पाठीला बांबू आणि पोटाला लाकूड.

बांबू आणि लाकूड निवडताना

सिंधुदुर्गात माणगा भरपूर मिळतो, पण पाठीसाठी तो घेऊ नका. तो भरीव आणि चिवट असला तरी बारीक असतो, त्यामुळे त्याच्या पट्टीची पाठ फार गोल येते आणि सगळा ताण मधल्या रेषेवर पडतो. कळक घ्या, निदान १० सेंटिमीटर जाडीचा, तीन-चार वर्षांचा. कोवळा कळक हिरवागार असतो आणि त्याच्यावर पांढरी भुकटी दिसते. जून झालेल्यावर बुरशीसारखे करडे डाग येतात आणि ठोकला की आवाज खणखणीत येतो. तोड पाऊस संपल्यावर, थंडीत करा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूतल्या पिष्टावर किडा लगेच पडतो. तोडल्यावर ५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या फोडून दोन-तीन आठवडे वाहत्या वहाळात दगडाखाली दाबून ठेवल्या की पिष्ट बरंचसं निघून जातं.

पोटाला धामण उत्तम. कावडीच्या काठ्या आणि हत्यारांचे दांडे धामणीचे करतात ते तिच्या लवचिकपणामुळेच. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष हे नाव आहे. धामण मिळाली नाही तर सरळ तंतूंचा जुना सागही चालतो, फक्त बाहूची रुंदी ३८ ऐवजी ४५ मिलिमीटर धरा. आंबा वापरू नका, तो पोटाकडून चेंबतो. तंतू पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायला हवेत. मध्येच कडेला बाहेर पडत असतील, तर ती पट्टी दुसऱ्या कामाला ठेवा. झाड स्वतः तोडणार असाल तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते का, ते आधी वनखात्यात विचारा.

सुकवण: इथे घाई केली की सगळं वाया

पट्ट्या पडवीत, सावलीत उभ्या ठेवून सहा ते आठ आठवडे वाळवा. पण एवढ्यावर थांबू नका. किनाऱ्यावर थंडीतही हवेत इतका दमटपणा असतो की पडवीत वाळलेल्या लाकडात ११-१२ टक्के पाणी राहतं, आणि पावसाळ्यात ते १८ च्याही वर जातं. कमानीला ८ ते १० टक्के हवं. ओलसर लाकडाच्या पोटातल्या पेशी दाबाखाली चिरडतात आणि परत उभ्या राहत नाहीत; कमान 'बसते' ती यामुळे.

उपाय सोपा आहे. जुन्या प्लायवुडची सहा फुटी अरुंद पेटी करा, आत १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब लावा (एलईडी चालत नाही, त्याला पुरेशी उष्णता नसते), ओली हवा जायला वर चार भोकं पाडा. आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास राहू द्या. पट्ट्या बल्बला टेकू देऊ नका आणि पेटी चालू असताना घर सोडून जाऊ नका. पट्टीचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज करून तिच्यावरच पेन्सिलीनं लिहा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की पट्टी तयार. लाकूड आणि बांबू दोन्ही एकाच पेटीत वाळवा. एक ओलं आणि एक कोरडं चिकटवलं तर पुढे सांधा उकलतो.

मापं आणि चिकटवणी

धामणीची पट्टी १७२ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद. जाडी मुठीजवळ १४ मिलिमीटर, टोकाला १०. बांबू मुठीजवळ ४ मिलिमीटर, टोकाला ३. बांबूची आतली बाजूच रंधायची. वरची साल हीच कमानीची ताकद, ती तशीच ठेवा. फक्त मेणचट थर चाकूच्या पाठीनं खरवडा आणि पेरांचे उंचवटे हलकेच गुळगुळीत करा. पेर कापून सपाट केलं तर कमान तिथेच तुटते.

सावकाश सुकणारा दोन भागांचा इपॉक्सी गोंद वापरा, डब्यावरच्या प्रमाणात वजन करून. पाच मिनिटांत धरणारा ठिसूळ असतो, आणि पांढरा लाकडी गम लाकडात पाणी सोडतो, शिवाय सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. एका सरळ फळीवर पट्ट्या बांबू वर करून ठेवा, दोन्ही टोकांखाली ३ सेंटिमीटरचे ठोकळे द्या आणि मध्य क्लॅम्पनं खाली दाबा. टोकं पाठीकडे वळतात आणि कमान जिवंत राहते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या की दाब सगळीकडे सारखा बसतो. एक दिवस पेटीत. मग पोटाकडून मुठीचा ठोकळा चिकटवा: २४ सेंटिमीटर लांब, २८ मिलिमीटर जाड, दोन्हीकडे ५ सेंटिमीटर उतार.

आता आकार. मुठीपासून बाहूच्या मध्यापर्यंत रुंदी ३८ मिलिमीटर, पुढे निमुळती होत टोकाला १२. टोकावर करवंटीचा छोटा तुकडा चिकटवून त्यात दोन्ही बाजूंनी तिरकी खाच कानसा. दोरी करवंटीवर बसते, बांबू कापावा लागत नाही.

वाकण साधणे

टिलरिंग म्हणतात ते हेच: दोन्ही बाहू सारखे आणि गोलाईत वाकेपर्यंत पोटाकडून खरवडत जाणं. भिंतीला मूठ अडकवायचा खुंटा, खाली पुली आणि दोरीला लटकवलेला वजनकाटा एवढं पुरे. सैल दोरीनं आधी २० सेंटिमीटर ओढा. बाजूला उभे राहा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. जिथे वाकत नाही तिथे खरवडा. जिथे जास्त वाकतं, म्हणजे बिजागरी पडलीय, तिथे खरवडायचा पत्रासुद्धा लावू नका. प्रत्येक वेळी खरवडून झालं की तीस वेळा ओढून सोडा, तेव्हाच लाकूड खरं काय ते दाखवतं.

एक हिशेब कायम ध्यानात असू द्या: कडकपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दहा टक्के कमी केली की ताकद सत्तावीस टक्के जाते. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा बाजूला ठेवा, काचेच्या तुकड्यानं खरवडा. ओढ कधीही १८ किलोंपलीकडे नेऊ नका (शेवटच्या घासणीनंतर ती ठरलेल्या १६ वर येते). ६० सेंटिमीटर खेचीपर्यंत बाहू सारखे वाकू लागले की थांबा. आता कापायची वेळ.

बाही

पूर्ण खेचीत मुठीतल्या सांध्यावर केवढा भार येतो, याचा अंदाज सहसा चुकतो. १६ किलोच्या कमानीत १२ सेंटिमीटरची बाही असेल, तर बाहीच्या तोंडाशी लाकूड सुमारे दोनशे किलोच्या जोरानं दाबलं जातं. म्हणून बाही आखूड करू नका, आणि ती सैल तर अजिबात नको.

स्टेनलेसची नळी चालते, पण लाकूड तिच्या गोल भोकात तंतोतंत बसवणं जिकिरीचं. किनाऱ्यावर फायबरची बाही त्याहून सोपी. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, जिथे फायबरच्या होड्यांची दुरुस्ती चालते तिथे काचेचं कापड मिळतं. दोन गोष्टी बघून घ्या. होडीला पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते लाकडाला नीट धरत नाही, तुम्हाला इपॉक्सीच हवा. आणि 'मॅट' (सुट्या तंतूंची चटई) नको, विणलेलं कापड घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं. मॅटमधला डिंक इपॉक्सीत विरघळत नाही आणि आत कोरडे डाग राहतात.

१. मुठीचा मधला भाग ३० × ४० मिलिमीटरच्या लंबगोलात घासा. वरच्या तुकड्याकडचे ६ सेंटिमीटर कापाच्या दिशेनं अर्धा मिलिमीटर निमुळते ठेवा. गोल मूठ बाहीत फिरते, लंबगोल फिरत नाही.

२. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून मध्यरेषा आखा, मग बारीक पात्याच्या करवतीनं मधोमध काटकोनात कापा.

३. वरच्या तुकड्याच्या कापलेल्या तोंडाला आणि ६ सेंटिमीटर भागाला पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या. खालच्या तुकड्याच्या फक्त तोंडाला. हे बाही करण्याच्या आधीच करायचं. नंतर दिले तर सांधा जाड होऊन आत जाणार नाही, आणि दिलेच नाहीत तर पहिल्या पावसात आत अडकून बसेल.

४. वरच्या तुकड्यावर तपकिरी पॅकिंग टेपचे दोन वेढे, तोंडावरही टेप, त्यावर मेण. या दोन वेढ्यांची जाडी हीच पावसाळ्यातल्या फुगण्यासाठीची जागा. खालचा तुकडा पॉलिश पेपरनं खरबरीत करून उघडा ठेवा, बाही त्यालाच कायमची चिकटणार आहे.

५. दोन्ही तुकडे फळीवर दोऱ्याच्या रेषेत आवळा. करवतीनं खाल्लेल्या फटीत टेप गुंडाळलेला पुठ्ठा सरकवा.

६. १२ सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब कापड आणि ६० ग्रॅम इपॉक्सी. इपॉक्सी पसरट ताटलीत ठेवा, पेल्यात तो तापून दहा मिनिटांत घट्ट होतो. कापड भिजवत बारा वेढे द्या, वरून प्लॅस्टिकची पट्टी ताणून गुंडाळा म्हणजे जादा रस आणि हवा निघून जाईल. बाहीची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास येते.

दुसऱ्या दिवशी वरचा तुकडा न पिळता सरळ ओढा. निघाला नाही तर बाही गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून पुन्हा ओढा. कडा घासताना पेपर ओला ठेवा आणि तोंडाला मास्क लावा, काचेची धूळ अंगाला चावते. टेप काढा, लाकडावर मेणबत्ती घासा. खेचताना बाही टकटक वाजली तर कागद कोंबू नका, लाकडावर इपॉक्सीचा एक पातळ हात देऊन, सुकल्यावर घासून पुन्हा बसवा.

दोरी आणि शेवटचा हात

दोरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टरचा धागा), बारा धाग्यांची, सुमारे १६० सेंटिमीटर. जाळ्याचा नायलॉनचा धागा बंदरावर सहज मिळतो, पण तो ताणतो; बाण मंद जातो आणि कमानीला हादरा बसतो. दोरी चढवल्यावर मुठीपासून अंतर १५ सेंटिमीटर हवं. वरच्या बाहूशी दोरीचं अंतर खालच्यापेक्षा ३ ते ५ मिलिमीटर जास्त असू द्या, कारण खालच्या बाहूवर भार जास्त येतो. आता ७१ सेंटिमीटरपर्यंतचं उरलेलं टिलरिंग बाही जोडूनच पुरं करा. ओढ १८ किलो असताना थांबा, शेवटच्या घासणीत दोन किलो जातात.

पॉलियुरेथेनचे तीन-चार पातळ हात सगळीकडून द्या. काजूच्या टरफलाचं तेल होडीच्या लाकडाला चांगलं, कमानीला नको. हाताला फोड येतात. रिकामी दोरी कधीही सोडू नका, आणि २३ ग्रॅमपेक्षा हलका बाण लावू नका. न गेलेली सगळी ताकद बाहूंत परत येते. नेम फक्त गवताच्या भाऱ्यावर, मागे मातीचा बांध असेल अशा जागी; प्राण्या-पक्ष्यांवर बाण चालवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

जून ते सप्टेंबर कमान दोरी उतरवून, दोन्ही तुकडे वेगळे करून सुकवणीच्याच पेटीत आडवी ठेवा. आठवड्यातून एकदा एक बल्ब दोन तास लावला की पुरे.