कोब्रा प्रतिकृती: पुढचा उजवा कोपरा उंच राहण्यावर सापडलेला उपाय

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात जुळवलेल्या, १९६२ च्या एसी कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या माझ्या प्रतिकृतीत पुढचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा १८ मिमी उंच राहत होता. कॉइलओव्हरची (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांच्या जोडाची) स्प्रिंगला आधार देणारी चकती खाली फिरवली, स्प्रिंगांची अदलाबदल केली. तीन रविवार वाया गेले.

दोष स्प्रिंगमध्ये नव्हताच. उजव्या विशबोनचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याचे) बोल्ट मी चाक लोंबकळत असताना आवळले होते, त्यामुळे सांध्यातले रबरी बुश त्याच स्थितीत पकडले गेले आणि वजन येताच पीळ खाऊन गाडीला वर रेटत राहिले.

सपाट फरशीवर, चालकाच्या आसनावर माझ्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून, चाके जमिनीवर असतानाच दोन्ही बाजूंच्या विशबोनचे आतले बोल्ट सैल केले. गाडीचे नाक दाबून हलवले, गाडी दोन मीटर मागेपुढे ढकलली आणि चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले: फरक ३ मिमीच उरला. मग जॅक लावून उजवी चकती २ मिमी खाली घेतली (शॉकचे खालचे टोक विशबोनच्या मध्याजवळ असल्याने गाडी त्याहून जास्त उतरते), गाडी खाली सोडून पुन्हा ढकलली, मोजली आणि सर्व बोल्ट जमिनीवरच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले. उंची बदलली की टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) बदलतो, म्हणून तो शेवटी तपासला.