शहर रंगवायचंय? आधी उजेड बघा

शहर आणि तंत्रज्ञान हा विषय घेतला की नवे चित्रकार हमखास सर्किट बोर्ड आणि डोक्यातून निघालेल्या वायरी काढायला बसतात. मला तरी ती चित्रं कंटाळवाणी वाटतात. त्यांत विचार असतो, पाहिलेलं काही नसतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी 1877 मध्ये पॅरिसचं सें-लाझार रेल्वे स्टेशन रंगवलं, पण इंजिनाचे नटबोल्ट मोजत बसले नाहीत. काचेच्या छपराखाली कोंडलेली वाफ आणि तिच्यातून झिरपणारा उजेड त्यांनी धरला. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांच्या 1942 च्या 'नाइटहॉक्स' या रात्रीच्या उपाहारगृहाच्या चित्रातही खरा विषय आतला उजेडच आहे. ट्यूबलाइट तेव्हा नुकत्या कुठे वापरात येत होत्या.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो रात्री मोबाइल बघणाऱ्या चेहऱ्यावर. उजेड खालून येतो, त्यामुळे हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्या उजळतात, कपाळ अंधारात जातं. म्हणजे शिकलेली छाया-प्रकाशाची मांडणी उलटी. तिथे नुसता पांढरा लावला की चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, रंग तो फक्त परावर्तित करतो. पांढऱ्याहून उजळ काही आपल्या हाताशी नसतं. मग आजूबाजूचं सगळं गडद करायचं. मी काळा टाळून अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळतो, आणि किंचित निळसर पांढरा अगदी मोजक्या जागी ठेवतो. मागे पिवळसर दिवा असला की तो निळा आणखी थंड वाटतो.

रस्त्यावरचे दिवेही ओळखायला शिका. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळपास एकाच पिवळ्या रंगाचा असतो, त्याखाली निळा शर्ट काळपट दिसतो. एलईडीखाली तोच शर्ट निळा दिसतो.

फोटोवर फार विसंबू नका. मोबाइल कॅमेऱ्याचा नाइट मोड सावल्या उजळवून टाकतो, वाइड लेन्स कडेच्या इमारती ताणते. टोनची, म्हणजे कुठे किती उजळ-गडद आहे याची नोंद जागेवरच, स्केचबुकात करा. मोबाइलमध्ये डोकं घातलेली माणसं फारशी हलत नाहीत, त्यामुळे मॉडेल फुकट मिळतात!

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांत, हरतऱ्हेचं एकेक चित्र ठेवण्यापेक्षा एकाच प्रश्नावरची मालिका ठेवा. टॅब्लेटवर काम करत असाल तर मोठी प्रिंट काढण्याआधी छोटा नमुना छापून घ्या; पडद्यावरचा झगझगीत निळा छपाईच्या शाईत बसत नाही, मंद पडतो.