बंगल्यासमोरच्या गुलमोहराला कीड लागलीय? या चुका टाळा

जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत चार गुलमोहर होते, आता तीन राहिलेत. चौथा मागच्या मे महिन्यात वाळला आणि सगळे म्हणाले किड्यानं खाल्ला. मी रोज बघत होते म्हणून सांगते, किडा सगळ्यात शेवटी आला, आधी ते झाड तहानलेलं होतं. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक, पावसाचं पाणी थेट गटारात, आणि पलीकडच्या काकू म्हणायच्या, "एवढ्या मोठ्या झाडाला कशाला पाणी ओ, घरातच रोज येत नाही." त्यांचंही खरंच आहे, पण भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या दोन बादल्या तरी निघतातच की.

तर पहिली चूक हीच, बुंध्यापर्यंत फरशी. सगळ्या बाजूंनी निदान 1 मीटर माती मोकळी ठेवा, पाणी खोडावर न ओतता थोडं लांब गोल आळं करून द्या, वर पालापाचोळा पसरा पण तो खोडाला टेकू देऊ नका, नाहीतर वाळवीला घरच मिळतं. खोड पोखरणारे किडे बहुतेक अशक्त झाडच पकडतात. अमेरिकेत शोभेच्या बर्चचं असंच होतं, तिथला बोरर उन्हानं आणि कोरड्या मातीनं थकलेल्या झाडात शिरतो आणि बाहेर पडताना इंग्रजी डी अक्षरासारखं भोक ठेवतो. (बर्च म्हणजे भूर्जपत्राच्या भूर्जाचाच भाऊबंद. फोटो बघून ऑनलाइन रोप मागवू नका, ते थंडीतलं झाड आहे, आपल्या 42 डिग्रीत कुठून तग धरणार.)

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते, पानं बघायची आणि खोड बघायचंच नाही. फांदीच्या बेचक्यात चॉकलेटी भुसा आणि जाळीची पट्टी चिकटलेली दिसते का बघा. ती साल खाणारी अळी. दिवसा भोकात लपते, रात्री त्या जाळीखालून फिरून साल खाते, म्हणून दुपारी कितीही फवारा, तिला काही होत नाही. जाळी ब्रशने खरवडून काढा, भोकात सायकलचा जुना स्पोक घालून अळी टोचा, मग पेट्रोलचे चार थेंब घेतलेला कापसाचा बोळा आत सारून चिखलाने तोंड बंद करा. चार थेंबच हं, काही लोक अर्धी बाटली ओततात आणि आतली जिवंत सालच मरते. आठ दिवसांनी परत बघायचं, ताजा भुसा असेल तर अळी जिवंत आहे, पुन्हा करा. आणि जाळी नसून मातीच्या नळ्या वर चढलेल्या असतील तर ती वाळवी, तिचा इलाज वेगळा, नळ्या मोडून मुळाशी बघावं लागतं.

तिसरी चूक आपल्याच भागातली. गावाकडून कोणीतरी डाळिंबाचं उरलेलं औषध आणतं आणि जास्वंदीपासून गुलमोहरापर्यंत सगळ्यावर मारतं. त्यात मित्रकीटक आधी मरतात. जास्वंदीवर पांढरा मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण दिसतो ना, त्याला खाणाऱ्या एका ढालकिड्याची (लेडीबर्डची) पिल्लंपण तशीच पांढरी, झुपकेदार असतात, फक्त आकाराने मोठी आणि चपळ. लोक त्यांनाच चिरडतात! आधी मुंग्या थांबवा, कारण मिलीबगचा गोड चिकटा मिळावा म्हणून त्या त्याची राखण करतात. मग 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण, तेही ऊन उतरल्यावर, भर उन्हात मारलं तर पानं करपतात.

खोडाला खिळे, लायटिंगची घट्ट वायर, ऑइल पेंट हे तर नकोच. फांदी कापली की जखमेवर बोर्डो पेस्ट लावा, 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचं, लोखंडी भांडं चालत नाही. आपले डाळिंबवाले खोडाला गेरू लावतात ते उगाच नाही.

साल खाणाऱ्या त्या अळीचे पतंग मे-जूनमध्ये अंडी घालतात, म्हणजे मृगाचा पाऊस पडून गेल्यावर दर पंधरा दिवसांनी बेचकी तपासायची. आमच्या तिन्ही झाडांभोवतीचे ब्लॉक काढलेत, एकाच्या बेचक्यात चिखल लावून आज सहा दिवस झाले, परवा बघायचंय.