मूक प्रेमपट जमवताय? या चुका टाळा

मूकपटांच्या काळातल्या हलक्याफुलक्या प्रेमपटांचं वेड लागलं की माणूस आधी पैसे मोजतो आणि मग वेष्टनामागची बारीक अक्षरं वाचतो.

सगळ्यात जास्त जण फसतात ते ‘द गोल्ड रश’मध्ये. चॅप्लिननं तो १९२५ साली काढला आणि १९४२ मध्ये स्वतःच कात्री चालवून, संवादाच्या पाट्या काढून, आपल्या आवाजात निवेदन घालून पुन्हा आणला. दीड तासाचा चित्रपट ७२ मिनिटांवर आला. आणि गेलं काय? तर नेमकं प्रेमच! नायिका जॉर्जियानं तिच्या मागे असलेल्या जॅकला लिहिलेली चिठ्ठी जॅक चेष्टा म्हणून चार्लीकडे पोचवतो, हा पीळ गेला. शेवटचं जहाजावरचं चुंबनही गेलं. म्हणून छापलेल्या सालावर विसंबू नका, मिनिटं बघा.

दुसरी चूक वेगाची, आणि ती निव्वळ उतावळेपणाची. १६ मिमी रुंद फिल्मच्या ४०० फुटी रिळात १६,००० फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, असतात. सेकंदाला १८ फ्रेमनं ते पंधरा मिनिटं चालतं, बोलपटाच्या २४ नं अकराच. लाजत पुढे केलेला हात मग चिमटा काढायला आल्यासारखा दिसतो, आणि वर ‘मूकपट असेच तुरुतुरु पळतात’ हे शहाणपण! पण म्हणून सगळंच सेकंदाला १६ फ्रेमनं चालवणंही चूक. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धातले बरेचसे चित्रपट २२-२४ च्या आसपासच दाखवले जात. पाठलागावरून वेग ठरवू नये, तो अनेकदा मुद्दामच कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरवून चित्रित केलेला असतो. कुणी कोट काढतंय, खुर्चीत बसतंय असा साधा प्रसंग शोधावा आणि त्यावर वेग लावावा. वेगाचे तक्ते पाठ करून हे जमत नाही.

३५ मिमीचं जुनं रीळ स्वस्त मिळालं म्हणून घरी आणू नका. १९५० च्या आधीचं असेल तर नायट्रेट, म्हणजे झटकन पेट घेणारी जुनी फिल्म, समजूनच वागा. पेटलं तर पाण्याखालीही जळतं. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा साठा आगीत गेला, हे विसरू नये.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला? म्हणजे फिल्म कुजू लागलीय. रीळ परत करा, निदान बाकीच्यांपासून लांब ठेवा.

डीव्हीडी आणि प्लेअर दोन्ही जगाच्या ठरावीक विभागापुरते (रीजन) बांधलेले असतात: अमेरिकन डीव्हीडी रीजन १ ची, आपला प्लेअर ५ चा. आधी तपासा.

पोस्टर घेताना मोजायची टेप न्या. त्या काळातलं नेहमीचं अमेरिकन पोस्टर २७ बाय ४१ इंचांचं. २४ बाय ३६ भरलं तर ती अलीकडची छपाई.