नेय शिकून जॅझवाल्यांत बसायचंय?

बासरी येते, म्हणजे नेय, ही बोरूची तुर्की बासरी, पटकन जमेल, या हिशेबाने इस्तंबूल गाठणारे आपले लोक अधूनमधून भेटतात. बोटं लवकर बसतात, खरंय. पुढे सहा भोकं, मागे अंगठ्याला एक. फुंक मात्र मुळापासून शिकावी लागते. बोरूच्या नळीवर म्हशीच्या शिंगाची किंवा प्लास्टिकची 'बाश्पारे', म्हणजे फुंकायची टोपी, बसवलेली असते. तिच्या कडेवर ओठ तिरके टेकवून, गरम चहावर घालतो तशी हलकी फुंकर घालायची. आधी नुसती हवाच जाते आणि चक्कर येते. आली की खुशाल बसा. जोर लावला तर सूर वरच्या सप्तकात उडतो. खालचे धुरकट सूर उस्ताद पुन्हा पुन्हा घोटून घेतात; खर्जाचा रियाज केलेल्याला ते जाचत नाही.

पर्यटकांच्या दुकानातली नेय घेऊ नका, बहुतेक सुरातच नसते. मन्सूर नावाच्या लांबीची घ्यायची की दुसरी कुठली, ते उस्तादांनाच ठरवू द्या. लांबी बदलली की पट्टी बदलते, त्यामुळे जॅझवाल्यांत बसायचं तर पुढे दोन-चार नेय लागतातच.

खरी गोची पियानोशी. तुर्की पद्धतीत एका पूर्ण स्वरांतराचे नऊ 'कोमा', म्हणजे बारीक भाग, धरतात. उश्शाक मकामातला (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वररचना) दुसरा स्वर ना कोमल, ना शुद्ध. चढताना एक, उतरताना जरा खाली. दरबारीचा गंधार कानात असेल तर हे लगेच कळतं, पण पियानोवर ती जागाच नाही. म्हणून नवखे पियानोवर बसणारे निहावेंद किंवा कुर्दी मकाम धरतात. जमतं छान, पण मग नेय कुठल्याही फ्लूटसारखी वाजते. माझं मत विचाराल तर सुरुवातीला पियानो नकोच. डबल बासवाला गाठा. नेयवादक कुद्सी एर्गुनेर यांचा 1999 चा 'ऑटोमेनिया' हा अल्बम ऐका. नेयशेजारी सॅक्सोफोन आणि ट्युबा आहेत, आणि कुणी कुणाला दाबत नाही.

पदवीच हवी असेल तर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या कलाविद्यापीठाची चौकशी करा. एर्गुनेर तिथे शिकवत, हरिप्रसाद चौरसियाही. जॅझचा विभागही तिथेच. तिथे सध्या काय चालतं ते मात्र आधी विचारा.

तालाची धास्ती नको. नऊ मात्रांचा 'अक्साक' (2+2+2+3) जॅझवाल्यांना पियानोवादक डेव्ह ब्रूबेकमुळे 1959 पासून ओळखीचा आहे.

एक पथ्य मात्र पाळाच. 1925 मध्ये तुर्कस्तानात दर्गे-तेक्के (सूफींचे मठ) कायद्याने बंद झाले, तरी मेवलेवी पंथाच्या सूफी मंडळींनी सेमाचं, म्हणजे गिरक्या घेत केल्या जाणाऱ्या उपासनेचं, संगीत जपलं. त्यातल्या 'आयिन' या उपासनेच्या रचना उचलून क्लबात वाजवल्या तर जुने उस्ताद नाराज होतात, आणि मला ते पटतं. मकाम घ्या, चाल स्वतःची बांधा.

पोटापाण्याचं म्हणाल तर रमजानात कामं मिळतात, एरवी शिकवण्या.

क्लबात माइक ओठांपाशी नको, नुसती हवाच ऐकू येते. भोकांच्या बाजूला लावा. आणि ड्रमवाल्याला ब्रश घ्यायला सांगा. लाजलात तर नेय कुणालाच ऐकू जाणार नाही.