केकचं चित्र आधी कागदावर, खऱ्या मापात

फोनवर पाहिलेलं डिझाइन थेट क्रीमवर उतरवायला जाऊ नका. आधी केकची बाजू कागदावर उलगडा. क्रीम लावल्यावर सात इंच व्यास भरणाऱ्या गोल केकचा घेर साधारण २२ इंच होतो. उंची ४ इंच असेल तर २२ बाय ४ ची पट्टी कापा आणि चित्र त्यावरच काढा. पट्टी गोल वळवून टोकं जुळवली की नक्षी कुठे तुटते, कुठे उगाच दाटी झाली आहे, ते लगेच दिसतं.

कल्पना हवी असेल तर मरीन ड्राइव्हवर एक चक्कर मारा. तिथल्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींचे गोलसर कोपरे, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे केकसाठीच घडवल्यासारखे वाटतात. पण अख्खी इमारत उभी करू नका. तीन आडव्या रेषा आणि एक उगवता सूर्य, एवढंच घ्या. खूप सुंदर दिसतं.

मग पट्टी बटर पेपरवर गिरवा. केक फ्रिजमध्ये ठेवा, क्रीम घट्ट झालं की कागद हलकेच टेकवून रेषेवर टूथपिकने बारीक टोचत जा. कागद उचलला की रांगोळीसारखे ठिपके उमटलेले असतात. त्यावरून क्रीम भरलेला कोन फिरवायचा.

बटरक्रीमचा रंग तासाभरात गडद होतो, म्हणून एक छटा फिकाच ठेवा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत फॉन्डंट, म्हणजे सजावटीसाठी लाटायचा साखरेचा गोळा, लवकर मऊ पडतो. त्याचे उभे तुकडे टायलोज पावडर (फॉन्डंट कडक करणारी) घालून दोन दिवस आधीच करून सुकवा.