धमन्यांच्या बळकटीसाठी तांबे : किती घ्यावे, कशातून घ्यावे आणि कशापासून जपावे

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला महाधमनीची भिंत ताणली जाते आणि लगेच पूर्ववत होते. ताण सोसण्याचे काम कोलॅजेन करते, तर पूर्ववत होण्याचे काम इलॅस्टिन करते. मात्र ही प्रथिने पेशींतून बाहेर पडतात तेव्हा त्यांचे धागे सुटेच असतात. लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्या धाग्यांतील लायसिन या अमिनो आम्लावर प्रक्रिया करते, त्यानंतर शेजारचे धागे एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडले जातात आणि मगच ऊतीला बळकटी येते. या एन्झाइमला काम करण्यासाठी तांब्याचा अणू लागतोच. १९६० च्या दशकात अमेरिकेत डुकरांना आणि कोंबडीच्या पिलांना तांबे वगळलेला आहार दिला गेला, तेव्हा त्यांच्या महाधमन्या फुटल्या. मेंकीस या आनुवंशिक आजारात तांबे आतड्यातून रक्तात पोहोचत नाही. त्या बालकांच्या धमन्याही वेड्यावाकड्या आणि कमकुवत असतात.

म्हणून जास्त तांबे घेतल्याने धमन्या जास्त मजबूत होतील, असा निष्कर्ष मात्र काढू नये. एन्झाइमला लागेल तेवढे तांबे मिळाले की वरचे तांबे त्याच्या काही उपयोगाचे नसते. शिवाय धमन्यांतील बहुतेक इलॅस्टिन गर्भावस्थेत आणि बालपणी तयार होते व ते अनेक दशके टिकते. पन्नाशीत ताठर झालेली धमनी तांब्याच्या गोळीने पुन्हा लवचिक होत नाही. तिच्यासाठी रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे हेच उपाय खरे.

प्रौढ व्यक्तीसाठी अमेरिकेतील शिफारस रोज ०.९ मिलिग्रॅम तांब्याची आहे. गरोदरपणात ती १ आणि स्तनपानाच्या काळात १.३ मिलिग्रॅम होते. आपल्या स्वयंपाकघरातून एवढे सहज मिळते. १० ग्रॅम तिळांत सुमारे ०.४ मिलिग्रॅम, मूठभर काजूंत सुमारे ०.६ आणि वाटीभर शिजवलेल्या काबुली चण्यांत साधारण अर्धा मिलिग्रॅम तांबे असते. डाळी, शेंगदाणे आणि मांसाहारी घरांत कलेजी हेही चांगले स्रोत आहेत. दुधात मात्र तांबे फारच कमी असते. तिळाची चटणी आणि उसळ आठवड्यातून काही वेळा पानात येत असेल, तर वेगळ्या गोळीची गरज सहसा पडत नाही.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी निरोगी माणसाने प्यायला हरकत नाही, पण त्यात लिंबू सरबत, ताक, चिंचेचे सार असे आंबट काहीही ठेवू नये, कारण आंबटपणामुळे तांबे मोठ्या प्रमाणात विरघळते. तान्ह्या बाळाचे दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीही तापवू किंवा साठवू नये. १९८० च्या दशकात पुण्यातील डॉक्टरांच्या अभ्यासांत लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध नेमका याच सवयीशी आढळला होता. विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबे साठत जाण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्यांनी तांब्याच्या भांड्यातील पाणीही टाळावे.

प्रौढांत तांब्याची कमतरता बहुधा आहारामुळे होत नाही. लठ्ठपणासाठी जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असणे हे एक कारण आहे आणि दुसरे, सहज निसटणारे कारण म्हणजे जस्त, अर्थात झिंक. जस्त जास्त झाले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन हे प्रथिन अधिक तयार करतात, ते तांब्याला धरून ठेवते आणि त्या पेशी झडल्या की तांबेही शौचावाटे निघून जाते. त्यामुळे घरातील गोळ्यांची वेष्टने एकदा नीट वाचावीत. झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम असे लिहिले असेल, तर त्यात प्रत्यक्ष जस्त सुमारे ५० मिलिग्रॅम असते. प्रौढांसाठीची कमाल मर्यादा रोज ४० मिलिग्रॅमची आहे. मल्टिव्हिटॅमिन आणि सर्दीच्या गोळ्या यांतील जस्तही त्या बेरजेत धरावे. डॉक्टरांनी दिलेले जस्त मात्र परस्पर बंद करू नये; विल्सनच्या आजारात तर तांबे अडवण्यासाठीच ते देतात.

प्रौढांत कमतरतेची पहिली चिन्हे धमन्यांत दिसत नाहीत. लोह घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, पांढऱ्या पेशी कमी होणे, पायांना मुंग्या येणे आणि चालताना तोल जाणे, यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना विचारून रक्तातील तांबे आणि ते वाहून नेणारे सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन तपासून घ्यावे. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना किंवा अंगात जंतुसंसर्ग असताना हे आकडे एरवीपेक्षा वर जातात, त्यामुळे अशा वेळी अहवाल नॉर्मल आला तरी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. उपचार सुरू झाल्यावर रक्ताचे आकडे काही आठवड्यांत सुधारतात. मज्जारज्जूला झालेली इजा मात्र बरेचदा पूर्णपणे भरून येत नाही, म्हणून मुंग्या आणि तोल जाण्याची तक्रार वयावर ढकलून लांबवू नये.